लष्करी तांत्रिक दफ्तर वेब-प्रणालीवर नेताना : स्कॅनिंगच्या आधीचे काम

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोकण किनाऱ्यावरील एका नौका-दुरुस्ती विभागाकडे गस्तीनौकांची तीसेक वर्षांची तांत्रिक कागदपत्रे आहेत. त्यांत इंजिनांची आणि पंपांची लॉगकार्डे (प्रत्येक यंत्राचे चाललेले तास, दुरुस्त्या आणि चाचण्या लिहिण्याची कार्डे) आहेत, दाबचाचणीची व भारचाचणीची प्रमाणपत्रे आहेत, सुधारणांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या पुस्तिका आहेत आणि लाल पेन्सिलीने बदल दाखवलेली मोठाली ड्रॉइंगे आहेत. हे सर्व वर्षभरात ब्राउझरमधून पाहता येईल अशा डेटाबेसवर न्यावे, असा आदेश वरून आला आहे. कंत्राटदाराकडून सगळे कागद स्कॅन करून घ्यावेत, पीडीएफ फायली सर्व्हरवर ठेवाव्यात आणि शोधण्याची सोय करावी, असा विभागाचा विचार दिसतो. एवढे पुरेसे आहे का, सुरुवात कोठून करावी आणि मूळ कागदांचे पुढे काय करावे, असे आपण विचारले आहे.

माझी नोकरीची बरीच वर्षे गोदीतील तांत्रिक नोंदींच्या कामात गेली आणि असे स्थलांतर मी जवळून पाहिले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. स्कॅनिंग आवश्यकच आहे. पण त्याने सुरुवात केली, तर वर्षअखेरीस आपल्या हाती कपाटांची चित्रे येतील, नोंदी येणार नाहीत. सुरुवात यंत्रांपासून करावी. आज कोणत्या नौकेत, कोणत्या जागी, कोणत्या सिरीयल नंबरचे यंत्र बसलेले आहे, याची प्रत्यक्ष पाहून केलेली यादी हा या संपूर्ण कामाचा पाया आहे. तो पक्का असेल तर बाकीचे काम कष्टाचे असले तरी सरळ आहे.

असे म्हणण्याचे कारण तांत्रिक नोंदीच्या स्वरूपातच आहे. नौका समुद्रावर जाण्यास योग्य आहे अशी सही करणाऱ्या अधिकाऱ्याला नेमके काय जाणून घ्यायचे असते ते पाहावे. हाच पंप या नौकेत आहे का, ओव्हरहॉलनंतर, म्हणजे पूर्ण खोलून केलेल्या दुरुस्तीनंतर, तो किती तास चालला, चाचणी कोणी घेतली, ज्या गेजवर (दाबमापकावर) ती घेतली त्या गेजचे कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकतेची तपासणी, त्या दिवशी मुदतीत होते का, आणि निर्मात्याने सुचवलेला बदल या नगावर झाला का. यांतील प्रत्येक उत्तर चार-पाच वेगवेगळ्या कागदांवर विखुरलेले असते आणि त्या कागदांना बांधणारा धागा म्हणजे सिरीयल नंबर. तो धागाच जुळवला नसेल, तर हजारो पीडीएफ फायलींमध्ये शोध घेऊनही माणूस शेवटी जुन्या कारकुनालाच हाक मारतो.

एक उदाहरण देतो, कारण आपल्या विभागातही ते निश्चित सापडेल. एका नौकेला तातडीने निघायचे असते, तिचा समुद्रपाण्याचा पंप गळू लागतो, आणि शेजारी दुरुस्तीसाठी उभ्या असलेल्या नौकेचा पंप काढून तिला लावला जातो. पंप गेला, लॉगकार्ड मात्र त्याच्या मूळ नौकेच्या फायलीतच राहिले. पुढे गळका पंप दुरुस्त होऊन त्या शेजारच्या नौकेत बसला आणि दोन्ही नौकांवर नव्या तासांची नोंद आपापल्या जुन्या कार्डावर चालू राहिली. कागदावर दोन्ही कार्डे निर्दोष दिसतात, तारखा सलग असतात, सह्या असतात, आणि तरीही दोन्ही चुकीच्या पंपाचा इतिहास सांगतात. ही चूक स्कॅनरला कधीच दिसणार नाही. यंत्रापाशी जाऊन नंबर वाचला तरच ती दिसेल.

नंबर वाचणे हेही किनाऱ्यावर सोपे नसते. खाऱ्या हवेने नेमप्लेट खाल्लेली असते किंवा तिच्यावर रंगाचे इतके थर चढलेले असतात की अक्षर ओळखू येत नाही. अशा वेळी रंग खरवडण्याआधी बॉडीवर ठोकलेला नंबर शोधावा आणि आरटीओत चासी नंबरची पेन्सिल-छाप घेतात तशी कागद ठेवून छाप घ्यावी. छाप, शक्य असल्यास अधिकृत परवानगीने काढलेले छायाचित्र, पाहणीची तारीख आणि पाहणाऱ्याचे नाव ही त्या नगाची डेटाबेसमधील पहिली नोंद असावी. नंबर वाचताच येत नसेल, तर अंदाजाने काही लिहू नये; तात्पुरता ओळखक्रमांक द्यावा, तो तात्पुरता आहे हे स्पष्ट लिहावे आणि पुढच्या ओव्हरहॉलच्या वेळी खातरजमा करावी.

हे काम पावसाळ्यात करावे. त्या महिन्यांत काही नौका स्लिपवेवर किंवा डॉकमध्ये असतात, यंत्रे उघडी असतात आणि माणसे हाताशी असतात. उलट, जुने कागद उघडण्याचे आणि स्कॅन करण्याचे काम दिवाळीनंतर सुरू करून आगोटीपूर्वी, म्हणजे पावसाळा तोंडावर येण्याआधी, संपवावे. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या घरात असते, आणि ६५ टक्क्यांच्या वर ती बराच काळ राहिली की कागदावर बुरशी धरू लागते. सर्दावलेला कागद स्कॅनरच्या रोलरमध्ये अडकतो, ताणला जातो, आणि जुन्या घड्यांवर फाटतो. वर्षाची मुदत आहे म्हणून भर पावसात कपाटे उघडू नयेत.

बहुतेक अहवालांत कागदांच्या अवस्थेवर दोन ओळीही नसतात, आणि नुकसान मात्र तिथेच होते. लोखंडी टाचण्या आणि टॅगांची टोके गंजून कागदाला चिकटलेली असतात. ती ओढून काढू नयेत, पानाखाली पातळ पट्टी सरकवून सावकाश सोडवावीत. प्लास्टिकच्या पाकिटांत ठेवलेली पाने सुरक्षित आहेत असे वाटते, पण आपल्या हवेत पाकिटात ओलावा कोंडतो आणि झेरॉक्सचे काळे अक्षर प्लास्टिकला चिकटून निघून येते. कॉपिंग पेन्सिलीने (शाईसारखी न पुसणारी पेन्सिल) केलेल्या नोंदी पाण्याचा थेंब लागला की जांभळ्या पसरतात. कार्बन कॉपीची तिसरी प्रत मुळातच फिकी असते, त्यामुळे ती काळ्या-पांढऱ्या मोडमध्ये स्कॅन केली तर कोरे पान मिळते. अमोनिया प्रिंटांवरील (ड्रॉइंगांच्या जुन्या पद्धतीच्या प्रतींवरील) रेषा उजेडाने उडतात, म्हणून ती प्रिंटे खिडकीजवळच्या टेबलावर दिवसभर पसरून ठेवू नयेत. भिजलेली पाने उन्हात वाळवू नयेत, लॅमिनेशन करू नये, आणि बुरशी असलेला गठ्ठा मास्क व हातमोजे घालून वेगळ्या खोलीत उघडावा. वाळवी किंवा कसर लागलेले बाड इतर बाडांमध्ये मिसळू नये.

स्कॅनिंगचे तांत्रिक निकष त्या मानाने थोडक्यात सांगता येतात. साध्या मजकुराला ३०० डीपीआय (एका इंचात तेवढे ठिपके) पुरते. बारीक अक्षरांची कार्डे आणि ड्रॉइंगे यांना ४०० घ्यावे. आणि सर्व काही रंगीत घ्यावे. लाल पेन्सिलीची खूण, निळा शिक्का आणि काळी छपाई यांतील फरक हाच अनेकदा नोंदीचा अर्थ असतो. दीर्घकाळ जपण्याच्या प्रतीसाठी पीडीएफ-ए हे आयएसओ १९००५ या मानकातील रूप किंवा न दाबलेले टिफ वापरावे, आणि रोज पाहण्यासाठी हलकी प्रत वेगळी ठेवावी. ८४१ बाय ११८९ मिलिमीटरचे ए-शून्य ड्रॉइंग तुकड्यांत स्कॅन करून जोडू नये, कारण जोडावर माप चुकते. रुंद स्कॅनर मिळेपर्यंत ते बाजूला ठेवावे. प्रत्येक फायलीचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे तिच्या आशयावरून संगणकाने काढलेला बोटाच्या ठशासारखा आकडा, स्कॅनिंगच्या क्षणीच काढून नोंदवावा, म्हणजे पुढे कधीही फाइल बदलली का हे ताडून पाहता येते.

ड्रॉइंगांच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगतो. निर्मात्याचे ड्रॉइंग आणि नौकेत प्रत्यक्ष बसवणी कशी आहे ते दाखवणारे ऍज-फिटेड ड्रॉइंग ही दोन वेगळी कागदपत्रे आहेत. पहिले कोठूनही पुन्हा मिळू शकते. दुसऱ्यावर कोणा फोरमनने केबलचा बदललेला मार्ग किंवा हलवलेला व्हॉल्व्ह लाल रेषेने दाखवलेला असतो, आणि ती रेषा जगात इतरत्र कोठेही नसते. दोन्हींचे ड्रॉइंग नंबर आणि रिव्हिजनचे अक्षर एकच असल्यामुळे कंत्राटदाराची माणसे दुसरे ‘डुप्लिकेट’ म्हणून वगळतात. म्हणून ड्रॉइंगांचा गठ्ठा निवडताना नौकेवर काम केलेला माणूस शेजारी बसलाच पाहिजे.

आता डेटाबेसच्या रचनेकडे येतो. जुन्या रजिस्टरच्या रकान्यांची हुबेहूब नक्कल करणारे पान बनवून द्या, अशी मागणी हमखास होते. ती मान्य करू नये. रजिस्टर नौकेप्रमाणे लिहिलेले असते, तर यंत्रे नौकांमधून फिरत असतात. रचनेत ‘जागा’ आणि ‘नग’ या दोन गोष्टी वेगळ्या हव्यात. डाव्या इंजिनाचा समुद्रपाण्याचा पंप ही नौकेतील एक जागा आहे, आणि अमुक सिरीयल नंबरचा पंप हा नग आहे. कोणता नग कोणत्या जागी कोणत्या तारखेला बसला आणि कधी निघाला, याची स्वतंत्र नोंद असावी. तास, दुरुस्त्या आणि चाचण्या नगाच्या नावावर चढाव्यात. वर सांगितलेली पंपांची अदलाबदल अशा रचनेत केवळ दोन काढण्या आणि दोन बसवण्या एवढ्यात नोंदली जाते आणि इतिहास आपोआप त्या पंपाबरोबर जातो. कागदपत्राची नोंद तिसरी. एकच प्रमाणपत्र अनेक नगांना आणि अनेक कामांना लागू होऊ शकते, म्हणून ते एका फोल्डरमध्ये कोंडून न ठेवता संबंधांनी जोडावे.

नावांचा गोंधळ मोठा असतो. रॉ वॉटर पंप, सी वॉटर पंप, एस. डब्ल्यू. पंप ही तिन्ही नावे एकाच वस्तूची असतात आणि तिन्ही आपल्या कार्डांवर सापडतील. पार्ट नंबर कोणी रेघ देऊन लिहितो, कोणी जागा सोडून, कोणी सलग. यासाठी एक प्रमाणित यादी ठरवावी, पण कार्डावर जे लिहिले होते तेही जसेच्या तसे जपावे. लष्करी सामानाला क्रमांक देण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीतील १३ अंकी स्टॉक नंबर ज्यांना आहे त्यांचा तो अवश्य नोंदवावा. त्यातील पहिले ४ अंक वस्तुवर्ग, पुढचे २ देश आणि उरलेले ७ त्या वस्तूची ओळख सांगतात. मात्र तो नंबर वस्तूच्या प्रकाराचा असतो, एका नगाचा नसतो, हे नोंद करणाऱ्यांना बजावून सांगावे लागते.

जे लिहिले आहे ते आणि आपण त्याचा जो अर्थ लावला ते, अशी दोन्ही मूल्ये वेगवेगळ्या रकान्यांत ठेवण्याचा नियम मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. कार्डावर ‘जुलै ९४’ एवढेच असेल, तर प्रणालीला तारीख हवी म्हणून १ जुलै १९९४ लिहिणे हा खोटा तपशील आहे. महिन्यापुरतीच अचूकता आहे असे नोंदवता आले पाहिजे. कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे. मेगर चाचणीचे (विजेच्या इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या चाचणीचे) मूल्य लिहायचे राहिले असेल आणि प्रणालीने तिथे शून्य भरले, तर इन्सुलेशन पूर्ण गेले असा त्याचा अर्थ होतो. पुस्तिका जुन्या असतील तर दाब कोठे किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये, कोठे बारमध्ये, कोठे पीएसआयमध्ये असेल. मूळ एकक टाकून देऊ नये.

यंत्र किती तास चालले ते मोजणाऱ्या अवर मीटरचे प्रकरण तर प्रत्येक विभागात असते. समजा, एका डिझेल इंजिनाच्या कार्डावर तास ६,८४० पर्यंत चढत गेलेले आहेत आणि पुढच्याच ओळीत १२ आले आहेत. संगणक तपासणीत ही ओळ चूक म्हणून बाजूला पडते आणि घाईत असलेला माणूस १२ चे ६,८५२ करून मोकळा होतो. तो योगायोगाने बरोबरही असू शकतो. पण समासात कोठेतरी ‘मीटर बदलला’ असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते, आणि मीटर बंद पडला त्या दिवसापासून बदलला त्या दिवसापर्यंत इंजिन चालले त्याचे तास कोणत्याच मीटरवर नसतात. ते नौकेच्या इंजिनरूम रजिस्टरमधून जुळवावे लागतात. म्हणून मीटरवरील आकडा, मीटर बदलल्याची घटना आणि इंजिनाचे एकूण तास ही तीन स्वतंत्र मूल्ये ठेवावीत आणि तिसरे मूल्य कशावरून काढले तेही लिहावे. पुढचा ओव्हरहॉल या एकाच आकड्यावर ठरत असतो.

हस्तलिखित कार्डांसाठी अक्षर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबू नये. शून्य आणि ओ, एक आणि आय, पाच आणि एस यांत ते गडबडते, आणि सिरीयल नंबरमध्ये एका अक्षराची चूक म्हणजे दुसराच नग. सुरक्षिततेशी संबंधित यंत्रांच्या नोंदी दोन माणसांनी स्वतंत्रपणे टंकाव्यात, दोन्हींचा ताळा संगणकाने घ्यावा आणि जेथे फरक येईल तेथे तिसऱ्याने मूळ कार्ड पाहून निर्णय द्यावा. हे खर्चिक आहे, म्हणूनच ते सर्व कागदांसाठी करू नये. आज सेवेत असलेल्या नगांच्या, गेल्या ओव्हरहॉलपासूनच्या नोंदी पूर्ण टंकाव्यात. त्याआधीच्या नोंदींची केवळ सूची आणि स्कॅन पुरेसे आहे. मोडीत गेलेल्या यंत्रांच्या फायलींना सूचीतील एक ओळ पुष्कळ झाली.

सूचीला कमी लेखू नये. अमेरिकेत सेंट लुईस येथील लष्करी कर्मचारी-अभिलेखागाराला १२ जुलै १९७३ रोजी आग लागली आणि सुमारे १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली नष्ट झाल्या. त्यांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या, मायक्रोफिल्म नव्हती, आणि त्याहून वाईट म्हणजे पूर्ण सूचीही नव्हती, त्यामुळे नेमके काय जळाले हे सांगणेही अशक्य झाले. आपल्याकडे आगीपेक्षा पाण्याचे भय मोठे आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळुणात शिरले तेव्हा तळमजल्यावर कागद ठेवणाऱ्या प्रत्येकाने काय गमावले, हे आपल्या भागात वेगळे सांगायला नको. स्कॅनिंग सुरू होण्याआधी प्रत्येक कपाटातील प्रत्येक फायलीची एक ओळ लिहून झाली, तर तेवढ्यानेही विभागाची स्थिती बदलते.

दुसऱ्या टोकाचे उदाहरणही ध्यानात ठेवावे. अमेरिकेच्या एफ-३५ विमानाच्या सुट्या भागांबरोबर कागदी कार्डाऐवजी इलेक्ट्रॉनिक नोंदवही येत असे आणि ती ‘एलिस’ नावाच्या देखभाल-पुरवठा प्रणालीत जोडली जात असे. या नोंदी चुकीच्या किंवा गहाळ असल्यामुळे प्रत्यक्षात ठीक असलेली विमानेही प्रणाली उड्डाणास अयोग्य दाखवत असे. अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने मार्च २०२० च्या अहवालात हे नोंदवले. एका हवाई तुकडीच्या अंदाजानुसार प्रणालीतील दोषांपायी त्यांचे वर्षाला ४५,००० हून अधिक तास जादा कामात जात होते. तिथे पैशाची, संगणकांची वा तज्ज्ञांची वाण नव्हती. नगाबरोबर त्याची अचूक नोंद पोहोचली नाही, एवढे एकच कारण अशा प्रणालीला जेरीस आणते.

जबाबदारीचा मुद्दा मला अत्यंत जिव्हाळ्याचा वाटतो. लॉगकार्डावरील प्रत्येक ओळीला किमान दोन सह्या असतात, काम करणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. ओळ स्कॅन होते, मूल्य टंकले जाते, आणि सह्यांच्या जागी टंकलेखकाचे लॉगिन चढते. असे होऊ देऊ नये. जुन्या आद्याक्षरांमागचे नाव शोधण्यासाठी विभागात नमुना सह्यांचे रजिस्टर असते. सर्वांत आधी तेच स्कॅन करावे, कारण ते हरवले की आद्याक्षरे मुकी होतात. नव्या प्रणालीत काम कोणी केले, तपासले कोणी आणि नोंद कोणी चढवली ही तीन नावे वेगळी असावीत, आणि काम झाल्याची वेळ व नोंद चढवल्याची वेळ याही वेगळ्या असाव्यात. एकदा सही झालेली नोंद कोणालाही, अगदी प्रणाली सांभाळणाऱ्यालाही, पुसता येऊ नये. दुरुस्ती हवी असेल तर नवी ओळ यावी, कारण लिहावे आणि जुनी ओळ रेघ मारलेल्या स्थितीत दिसत राहावी. कागदी कार्डावर खाडाखोड न करता एक रेघ मारून सही करण्याची जी शिस्त होती, तीच येथे चालवायची आहे. सामायिक लॉगिन एका दिवसासाठीही देऊ नये.

वेब-प्रणाली म्हणजे इंटरनेट नव्हे, हे वरिष्ठांच्या बैठकीत स्पष्ट बोलून घ्यावे. लष्करी तांत्रिक नोंदींसाठी ब्राउझरचा वापर बंदिस्त अंतर्गत जाळ्यावरच होतो. याचा एक व्यावहारिक परिणाम असा की बाहेर तयार झालेले सॉफ्टवेअर फॉन्ट किंवा कोडचे तुकडे इंटरनेटवरून मागवत असते. विक्रेत्याच्या कचेरीत ते सुरळीत चालते आणि आपल्या जाळ्यावर पान अर्धवट उघडते. सर्व घटक स्थानिक सर्व्हरवर असल्याची चाचणी इंटरनेट नसलेल्या खोलीत घेऊनच स्वीकृतीवर सही करावी.

गोपनीयतेचा विचार पानागणिक करून भागत नाही. एका पंपाचे एक कार्ड कदाचित साधे असेल. पण सर्व नौकांचे चालू दोष, उरलेले तास आणि सुट्या भागांची टंचाई एका पडद्यावर एकत्र आली, की किनाऱ्यावरील किती नौका उद्या निघू शकतात हे कोणालाही कळते. म्हणून संपूर्ण संग्रहाचे गोपनीयतेचे वर्गीकरण त्यातील सुट्या पानांपेक्षा वरचे असू शकते, आणि ते सक्षम अधिकाऱ्याकडून लेखी ठरवून घ्यावे. फिटरला त्याच्या कामाचे नग दिसावेत. एकत्रित अहवाल मोजक्यांनाच. कंत्राटदाराला कागद बाहेर नेऊ देऊ नयेत. स्कॅनिंग आवारातच, विभागाच्या संगणकांवर आणि आपल्या माणसाच्या देखरेखीखाली व्हावे. मोठ्या स्कॅनर-कॉपियरमध्ये हार्डडिस्क असते आणि तिच्यावर प्रतिमा राहतात, म्हणून भाड्याचे यंत्र परत करताना ती डिस्क काढून ठेवण्याची अट करारातच घालावी.

नौका समुद्रावर असताना जाळे नसते. तेथील नोंदी स्थानिक संगणकावर करून परतल्यावर मुख्य प्रणालीत मिसळाव्या लागतात. एकाच नगाची नोंद दोन्हीकडे झाली असेल, तर शेवटची आली ती खरी असे संगणकाला ठरवू देऊ नये. दोन्ही ओळी अधिकाऱ्यापुढे याव्यात. किनाऱ्यावरही वीज जाते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील अनेक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. त्यामुळे छापील कोरी कामपत्रके सीलबंद गठ्ठ्यात ठेवावीत आणि वीज आल्यावर ती कोणी, किती दिवसांत चढवायची हे आधीच ठरवावे. प्रतींचा नियम जुनाच आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. आपल्या बाबतीत ते दुसरे ठिकाण घाटावर असावे, कारण वादळ येते तेव्हा सारा किनारा एकदम सापडतो. आणि वर्षातून किमान एकदा त्या प्रतीवरून संपूर्ण प्रणाली रिकाम्या संगणकावर पुन्हा उभी करून पाहावी. तोवर ती प्रत आहे असे समजू नये.

कायद्याची बाजू. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ केंद्र सरकारच्या कार्यालयांना लागू आहे. त्याच्या कलम ८ नुसार विहित पद्धतीशिवाय अभिलेख नष्ट करता येत नाही, कलम ४ नुसार केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय तो देशाबाहेर नेता येत नाही, आणि कलम ९ मध्ये या दोन्हींच्या भंगासाठी ५ वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. ‘स्कॅन झाले, आता रद्दीत द्या’ असे तोंडी सांगणाऱ्याला हे कलम दाखवावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात देताना प्रमाणपत्र लागते आणि त्याच्या नमुन्यात हॅश मूल्याचा रकाना आहे. स्कॅनिंगच्या वेळीच हॅश घ्यावा असे मी वर म्हटले त्याचे हेही एक कारण आहे.

माणसांविषयी. कार्डांवर वर्षानुवर्षे लिहिणारे फिटर आणि कारकून या कामाला विरोध करतात असे म्हटले जाते. माझा अनुभव वेगळा आहे. नव्या पानावर एक साधी नोंद करायला कार्डापेक्षा दुप्पट वेळ लागत असेल, तर कोणताही कामसू माणूस ती नोंद संध्याकाळवर ढकलतो आणि संध्याकाळी आठवणीतून भरतो. म्हणून पान बनवताना हाताला ग्रीस लागलेल्या माणसाला समोर बसवावे. नग बारकोडने उघडावा, नेहमीची कामे निवडता यावीत, मोकळ्या शेऱ्यासाठी देवनागरीतही टंकता यावे. ज्या कारकुनाला कोणती फाइल का अर्धवट आहे हे ठाऊक आहे, त्याच्या निवृत्तीआधी त्याच्याकडून प्रत्येक कपाटाची माहिती लिहून घ्यावी.

कागद आणि प्रणाली दोन्ही एकाच वेळी चालवण्याचा काळ मर्यादित ठेवावा. एका प्रकारच्या यंत्राचे देखभालीचे एक पूर्ण चक्र दोन्हीकडे नोंदवावे, दर आठवड्याला नमुन्यादाखल काही नग काढून ताळा घ्यावा, आणि फरक शून्यावर आल्यावर त्या प्रकारापुरते कागदी कार्ड लेखी आदेशाने बंद करावे. बंद केलेल्या कार्डाच्या शेवटच्या ओळीखाली ‘पुढील नोंदी प्रणालीत’ असे तारीख व सहीनिशी लिहावे. ही ओळ नसेल तर कार्ड कोणीतरी पुन्हा लिहायला घेतो आणि दोन इतिहास सुरू होतात. बंद झालेली कार्डे कोरड्या, वरच्या मजल्यावरील खोलीत सूचीप्रमाणे ठेवावीत आणि त्यांची विल्हेवाट विहित मुदत व पद्धतीनेच व्हावी. ऍज-फिटेड ड्रॉइंगे मात्र ती नौका सेवेत आहे तोपर्यंत ठेवावीत, स्कॅन कितीही उत्तम असला तरी.

राहिला वर्षाच्या मुदतीचा प्रश्न. एका वर्षात सर्व कपाटांची सूची, सेवेतील सर्व नगांची प्रत्यक्ष पाहणी, नमुना सह्यांचे रजिस्टर, ऍज-फिटेड ड्रॉइंगांचे स्कॅन आणि मुख्य इंजिने व जनरेटर यांच्या चालू नोंदी एवढे होऊ शकते. बाकीच्यासाठी आणखी दोन कोरडे हंगाम लागतील. हे आताच, पहिली निविदा निघण्याआधी, टिपणी करून वरिष्ठांपुढे ठेवावे आणि त्या टिपणीवर सही घ्यावी.